दातवाल्याचं शेवटचं रील

टॉकीजची मशीन चालवणाऱ्या पुंडलिकमामांनी दहा नंबरच्या डब्यातलं रील हातभर उलगडलं, कॅबिनमधल्या पिवळ्या बल्बासमोर धरलं आणि शांतपणे म्हणाले, "वानखडे, हे तं नऊच हाय."

मी म्हटलं, मामा, डब्यावर दहा लिहिलंय. मामा म्हणाले, मग लोकांना डबा दाखवू.

खाली हॉलमध्ये सातवं रील सुरू होतं. तीनचा शो. मे महिना. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि आत एक खुर्ची रिकामी नव्हती. एक रील म्हणजे दहा-अकरा मिनिटांचा पिक्चर. म्हणजे सातवं, आठवं, नववं संपलं की आमच्याजवळ दाखवायला पुन्हा नववंच होतं. पिक्चरचा शेवट तिकडं अमरावतीला ऑफिसात मांडणीवर पडून होता.

मी आधी कोण ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस कॅबिनमध्ये काय करत होता. मी उभं आयुष्य फिल्म डिस्ट्रिब्युशनमध्ये काढलं, अमरावतीला. पुण्याच्या पाहुण्यांना हे सांगितलं की विचारतात, अय्या, अमरावतीला शूटिंग व्हायचं? शूटिंग नाही हो. मुंबईचा प्रोड्यूसर पिक्चर बनवतो. तो आमच्या भागापुरता विकत घेतो तो डिस्ट्रिब्यूटर. आणि डिस्ट्रिब्यूटरकडून प्रिंट भाड्यानं नेतो तो टॉकीजवाला. अशा ऑफिसांची अमरावतीत एक अख्खी रांग होती. तिथून पिक्चर साऱ्या वऱ्हाडात जायचे, पत्र्याच्या डब्यांतून, एसटीच्या टपावर, संत्र्याच्या पेट्यांच्या शेजारी बसून.

मी रिप्रेझेंटेटिव्ह. म्हणजे प्रिंटबरोबर गावोगाव जायचं आणि टॉकीजच्या दारात बसायचं, मालकानं भरलेला हॉल अर्धा सांगून आमचा हिस्सा बुडवू नये म्हणून. चहा भरपूर मिळायचा. विश्वास कोणी ठेवायचं नाही, आणि मीही कोणावर ठेवायचो नाही. नोकरी उत्तम होती.

आमचे मालक मोतीशेठ. त्यांच्याजवळ बऱ्याच पिक्चरचे हक्क होते, पण घर चालायचं ते एकावर. परदेशी पिक्चर, हिंदीत डब केलेला. पोस्टरवर त्याचं नाव काहीही असो, धंद्यात त्याला सगळे दातवाला म्हणायचे. बर्फाळ डोंगर, त्यावर किल्ला, किल्ल्यात काळ्या झग्यातला एक उंच गोरा माणूस. दिवसा पेटीत झोपतो, दिवस बुडाला की उठतो, आणि लोकांच्या मानेतून रक्त पितो. डबिंगवाल्यांनी त्याला ठाकूरसाहेब करून टाकलं होतं. गोरा नोकर कमरेत वाकून म्हणायचा, "हुजूर, मेहमान तशरीफ़ लाए हैं." आमच्या पब्लिकला त्याचं काही वाटलं नाही. ठाकूर म्हटल्यावर तो रक्त पिणारच, त्यात नवल काय, असा एकंदर हिशेब.

हा दातवाला कधी पडला नाही. मोठमोठ्या हिरोंचे पिक्चर दुसऱ्या आठवड्यात माना टाकायचे. दातवाला दरवर्षी नवा. मोतीशेठ म्हणायचे, हिरो म्हातारा होते, त्याचे कपडे जुने होतात, ह्याचा कोट पहिल्यापासूनच जुना हाय. पुंडलिकमामांचं मत वेगळं. पिक्चरमध्ये गाणं नाही, त्यामुळे बिडी प्यायला कोणी बाहेर जात नाही, एवढंच. माझं मत असं की इतका नियमानं वागणारा माणूस लोकांनी दुसरा पाहिलेला नव्हता. दिवस बुडाल्याशिवाय येणार नाही. बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडणार नाही. लसूण दिसला की मागे फिरणार. आणि सकाळचं ऊन अंगावर पडलं की मरणार. त्या वर्षांत आमच्याकडे पावसाला नियम नव्हता, बियाण्याला नव्हता, कापसाच्या भावाला तर मुळीच नव्हता. पेपरात रोज काय यायचं ते मी पुन्हा सांगत नाही. अशा दिवसांत हा एक बापडा तेवढा वेळेवर यायचा आणि वेळेवर मरायचा.

लसणाचं मात्र बायकांना पटत नसे. इंटरव्हलमध्ये एक आजी मला म्हणाल्या होत्या, "बाबू, लसनाले भेते म्हनते हा. मंग आपल्या इकडं खाईन का? आपल्या अंगात तं रगतापेक्षा ठेचा जास्त."

आता टॉकीजचं सांगतो. बार्शीटाकळीच्या पुढचं एक गाव. गावाचं नाव सांगत नाही, त्यांची पोरं-नातवंडं अजून तिथंच आहेत. टॉकीजचं नाव महताब. मालक हमीदभाई माझे दोस्त. ते गेले, तेव्हापासून त्यांची बायको रशीदाभाभी टॉकीज चालवायच्या. भाभी तिकिटाच्या खिडकीत बसायच्या. हातात अडकित्ता, डोक्यावरून पदर, आणि गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या बापाचं नाव पाठ. फुकट घुसणाऱ्याला त्या शिवी देत नसत. फक्त त्याच्या बापाचं नाव मोठ्यानं घ्यायच्या. पोरगं आपोआप रांगेत.

हमीदभाईंचा धाकटा भाऊ सलीम. टॉकीजच्या जागेत त्याचा अर्धा हिस्सा. त्याला टॉकीज बंद करून गोदाम करायचं होतं. माणूस वाईट नव्हता. खुर्च्या मोडक्या, छत गळकं, केबल घरोघरी पोचलेली, आणि खतवाले व्यापारी गोदामासाठी दारात उभे. मीही त्याच्या जागी असतो तर हेच म्हटलं असतं, पण ते मी भाभींना कशाला सांगू? मागच्या महिन्यात एक जुनी प्रिंट दर पाच मिनिटांनी तुटली होती आणि पब्लिकनं दोन रांगा खुर्च्या उखडल्या होत्या. त्या दिवशी सलीमनं घरात सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ठीक आहे, अजून एक पिक्चर लावा. पण त्यात एक जरी खुर्ची तुटली तर त्याच संध्याकाळी कुलूप.

भाभींनी शब्द घेतला आणि दिला. मग मला फोन केला. म्हणाल्या, भाऊ, डोकं चालवू नका, दातवाला आणा.

तर असा तो शो. बाल्कनीत सलीम बसलेला, शेजारी परतवाड्याचा खतवाला व्यापारी. व्यापारी पिक्चर पाहतच नव्हता. मान वर करून छत पाहत होता. खाली सारं गाव, लग्नसराईचे पाहुणे धरून. आणि कॅबिनमध्ये पुंडलिकमामा हातात चुकीचं रील घेऊन माझ्याकडे पाहताहेत.

मी धावलो. टॉकीजच्या शेजारीच एसटीडी बूथ होता. मोतीशेठ वामकुक्षीतून उठले होते.

"शेठजी, दहा नंबरच्या डब्यात नऊ निघालं."

"मंग दहा कुठी हाय?"

"ते तुमच्याजवळच असंल. चेकरनं कोणत्या प्रिंटमधून काढलं ते विचारा."

शेठजींनी फोन तसाच ठेवून चेकरला हाक मारली. चेकर म्हणजे परत आलेली प्रिंट हातावर फिरवून तपासणारा माणूस. फाटलेली भोकं, तुटलेले तुकडे तो पाहतो. दातवाल्याच्या आमच्याकडे दोन प्रिंटा होत्या, दोन्ही झिजलेल्या. दोन म्हाताऱ्या प्रिंटांतून एक धड प्रिंट जोडायची ही धंद्यातली नेहमीची रीत. चेकरनं नव्या प्रिंटची पहिली नऊ रिळं घेतली. दहावं फाटलं होतं, म्हणून ते जुन्या प्रिंटमधून घेतलं. डब्यावरचा नंबर पाहून. बरोबरच केलं त्यानं.

फोनवर शेठजी पुन्हा आले तेव्हा आवाज बसलेला होता. "वानखडे," ते म्हणाले, "नाच."

माझ्या डोक्यात उजेड पडला. फार वर्षांपूर्वी, जुनी प्रिंट नवी असताना, एका टॉकीजवाल्यानं तक्रार केली होती की पिक्चरमध्ये गाणं नाही. शेठजींनी एका अर्धवट राहिलेल्या हिंदी पिक्चरमधलं नाचाचं एक रील स्वस्तात उचललं आणि दातवाल्याच्या सुरुवातीलाच जोडून दिलं. आधी एक बाई हळदीच्या कार्यक्रमात नाचायची, मग एकदम बर्फ पडायला लागायचं. कोणी ब्र काढला नाही. पण त्या नाचामुळे जुन्या प्रिंटची सगळी रिळं एकेक घर पुढं सरकली. नऊचं दहा झालं, दहाचं अकरा. अकरा नंबरचा डबा आत्ता ऑफिसात होता, आणि त्यात दातवाल्याचं मरण होतं.

मी विचारलं, आता काय करू? शेठजी म्हणाले, लोकांना सांगा, बाकीचा पिक्चर उद्या. मी म्हटलं, खुर्च्या फोडतील.

"खुर्च्या आपल्या हायेत का?" शेठजी म्हणाले.

फोन ठेवला. ज्याच्या घरी लग्न त्याला झोप नाही म्हणतात, इथं तर लग्न भाभींचं आणि मांडवाला आग लावणारे आम्ही. मला शेठजींचा राग आला, चेकरचा आला, त्या नाचणाऱ्या बाईचाही आला. पण घड्याळ रागासाठी थांबत नाही. आठवं रील सुरू झालं होतं.

भाभींना जाऊन खरं ते सांगितलं. मला वाटलं, रडतील किंवा मला झोडतील. दोन्ही चाललं असतं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि विचारलं, "शेवटी थो मरते कसा?"

मी चाट पडलो. हा पिक्चर महताबला किती वेळा लागून गेला होता! पण भाभींनी तो पाहिलाच नव्हता. म्हणाल्या, मी पिक्चर पाहत बसले तर खिडकीत तुमचा शेठ बसंल का?

मी घाईघाईनं सांगितलं. नवव्या रिळात तो जिन्यावरून चढून हिरोइनच्या खोलीत येतो. ती मागे मागे सरते. तो पडदाभर जवळ येतो आणि झगा पसरतो. ती ओरडते, या ख़ुदा, सुबह क्यों नहीं होती? इथं नववं संपतं. दहाव्यात हिरो धावत येतो, खिडकीचा जाड पडदा खाली ओढतो, बाहेर सकाळ झालेली असते. ऊन अंगावर पडतं आणि ठाकूरसाहेबांची राख होते. समाप्त.

भाभींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोर रस्त्यावर एक कुत्रं सावलीसाठी टांग्याखाली घुसत होतं. बाकी सगळं पांढरं. डोळे उघडे ठेवता येत नव्हते.

"ऊनच पायजे ना," त्या म्हणाल्या.

महताब टॉकीज म्हणजे पूर्वी सरकी साठवायची पत्र्याची शेड होती. तिच्या पश्चिमेच्या अंगाला, पडद्यापासून मागेपर्यंत, चार रुंद लाकडी दारं. आतून अडसर, वर काळे पडदे. शो सुटला की तीच उघडायची. पाच वाजायला आले की त्या बाजूनं ऊन असं सरळ आत यायचं की पब्लिक डोळ्यांवर हात घेऊनच बाहेर पडायचं. हे मी शंभर वेळा पाहिलं होतं. माझ्या डोक्यात काही आलं नाही ते नाहीच.

भाभींनी पटापट कामं वाटली. एका दारावर त्या, एकावर मी, दोन दारांवर दोन गेटकीपर. मामांना निरोप, नऊ संपलं की दहा म्हणून पुन्हा नऊच लावा, आणि काही झालं तरी मशीन बंद करायची नाही. गेटकीपरना सांगितलं, बाई दुसऱ्यांदा सकाळचं बोलली की अडसर काढा, पहिल्यांदा बोलेल तेव्हा ऊन दारापर्यंत उतरलेलं नसेल. एकानं विचारलं, कोणती बाई? भाभी म्हणाल्या, पडद्यावरची, तुझी नाही.

नववं संपलं. पडद्यावर ठाकूर झगा पसरून उभा, हॉलमध्ये चिडीचूप. मामांनी मशीन बदलली. आणि ठाकूर पुन्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर.

पहिली दोन मिनिटं कोणाच्या लक्षात आलं नाही. लोकांना वाटलं, परत गेला होता, आता परत येतोय. मग तोच मेणबत्ती विझणारा वारा. तीच मांजर. मागून कोणीतरी म्हणालं, "अबे, हे तं पाह्यलं." दुसरा म्हणाला, दम धर, दुसऱ्या खोलीत चालला असेल. पण खोली तीच, बाई तीच, गाऊन तोच. हॉलमध्ये कुजबुज वाढली. शिट्ट्या सुरू झाल्या. तिसऱ्या रांगेतला एक जण उठून खुर्चीवर चढला. ती खुर्ची कुरकुरली ते मला इथं दारात ऐकू आलं. बाल्कनीत सलीम उभा राहिलेला दिसला.

भाभी पडद्याशेजारच्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या. हलल्या नाहीत. मी मनात म्हणत होतो, उघडा, आता तरी उघडा. भाभी पडद्यावरच्या बाईची वाट पाहत होत्या.

पडद्यावर ठाकूर जवळ आला. झगा पसरला. दात दिसले. हिरोइन भिंतीला टेकली आणि ओरडली, "या ख़ुदा, सुबह क्यों नहीं होती?"

"झाली बाई सकाळ," भाभी म्हणाल्या, आणि अडसर ओढला.

चारी दारं एकदम उघडली. अकोला जिल्ह्यातलं मे महिन्याचं ऊन आडवंतिडवं आत घुसलं. हॉलभर पांढरं. आणि पडद्यावर एवढा मोठा ठाकूर, हातभर दात काढून उभा असलेला, नाहीसा झाला. पडद्यावर ऊन पडलं की चित्र राहतच नाही, हे तुम्हाला-मला माहीत आहे. पण त्या क्षणी ते तसं वाटलं नाही हो. आधी त्याचा झगा गेला, मग चेहरा, शेवटी दात. उरला तो नुसता मळका पांढरा पडदा, वर पाखरांची घाण. स्पीकरमधून मात्र ठाकूर अजून हसत होता, तोही मामांनी आवाज खाली करून संपवला.

बाहेरचा टांग्याचा घोडा आतपर्यंत ऐकू आला. मग खुर्चीवर चढलेल्या त्या माणसानं डोळ्यांवर हात धरून पडद्याकडे नीट पाहिलं, आणि म्हणाला, "मेला लेकाचा."

आणि मग जो गलका झाला! टाळ्या, शिट्ट्या, पोरं दारातून उन्हात बाहेर धावताहेत, पुन्हा आत येताहेत, पडद्याला हात लावून पाहताहेत. बायका पदरानं डोळे पुसत हसत होत्या. मला रडू आलं. सरळ सांगतो, दाराच्या पडद्यात तोंड घालून मी रडलो.

सलीम खाली उतरला. व्यापाऱ्याला घेऊन एकेक रांग फिरला, खुर्च्या हलवून पाहिल्या. एकही तुटली नव्हती. मग तो भाभींजवळ आला. त्यांचं आपसात हिंदीत चालायचं.

"भाभी, ये पिक्चर में है क्या?"

"है," भाभी म्हणाल्या.

मी आढ्याकडे पाहत राहिलो.

सहा आणि नऊचे शो मशीनचं कारण सांगून रद्द केले. सकाळच्या गाडीनं खरं रील आलं. मी निश्चिंत झालो. इथं पिक्चर संपायला हरकत नव्हती, पण पब्लिकनं संपू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी तीनला कालचीच मंडळी आली, सोबत सोयरेधायरे घेऊन. मामांनी दहावं रील रीतसर लावलं. हिरो आला, खिडकीचा पडदा ओढला, ऊन पडलं, ठाकूरची राख झाली. एका बाजूनं दबका आवाज आला, मग सगळीकडून. लोक चिडले होते. ते ऊन त्यांना पटेना. परदेशातलं ऊन ते, फिकट, आपल्याकडच्या डिसेंबरातल्यासारखं. लसणाची शंका काढणाऱ्या त्याच आजी उभ्या राहून म्हणाल्या, "एवढ्याशा उन्हानं आमचे पापड नाई वाळत, अन् हा मेला म्हनते!" मागून घोषणा सुरू झाली, दारं उघडा, दारं उघडा. एक जण पुन्हा खुर्चीवर. भाभींनी कॅबिनकडे हात केला. मामांनी राखेवर पुन्हा नववं चढवलं. मेलेला ठाकूर उठून जिना चढायला लागला तेव्हा लोकांनी टॉकीज डोक्यावर घेतलं. मग दारं उघडली आणि त्याला व्यवस्थित मारलं.

तिसऱ्या दिवसापासून तीनच्या शोला दहावं रील आम्ही डब्यातच ठेवलं. दुसऱ्या नऊसाठी लोक थांबून राहायचे, आणि जिना सुरू झाला की पायऱ्या मोठ्यानं मोजायचे. सहा आणि नऊला खऱ्या रिळावर अर्धा हॉल. तीनला आजूबाजूच्या खेड्यांतून ट्रॅक्टर भरून माणसं. पुढं तर गंमतच झाली. दाराजवळच्या खुर्च्या आजवर कोणी घेत नसे, झळ लागायची. आता त्यांच्यासाठी भांडणं. कारण तिथं बसणारा अडसराला हात लावू लागला. गेटकीपर बाजूला झाले, पब्लिकच दारं उघडू लागलं. ज्याला अडसर मिळाला तो रस्त्यानं सांगत जायचा, आज म्या मारला.

मोतीशेठना हे कळल्यावर त्यांनी अकोला शहरात एका मोठ्या टॉकीजला हाच प्रयोग लावला. मी नको म्हणत होतो. तिथली दारं सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उघडायची. दारं उघडली, ऊन नाही, नुसत्या सायकली. ठाकूर सायकली पाहून मरेना. शेवटी शेठजींना स्वतः जाऊन मॅनेजरची समजूत काढावी लागली. त्यांच्या प्रयोगांची हौस त्या दिवशी फिटली.

महताबचा मुक्काम संपत आला तेव्हा मी एकदा भाभींना विचारलं, एकच माणूस रोज मरताना पाहायला हे लोक इतक्या उन्हातून का येतात? मला आपलं वाटलं, मी इतकी वर्षं धंद्यात, मला काही उलगडत नाही, पाहू बाई काय म्हणते.

भाभी सुपारी कातरत होत्या. म्हणाल्या, "आधी थो गोरा हिरो मारे अन् हे नुसते पाहत. आता हे सवता मारतात. घरी कोनतं संकट असं दार उघडलं की मरते, भाऊ?"

मी कालच्या तिकिटांचा हिशेब पुढे ओढला.

त्याच दिवशी सलीम आला. तीनच्या शोची घंटा व्हायची होती. तो खिडकीशी घुटमळला, इकडेतिकडे पाहिलं, आणि दबक्या आवाजात म्हणाला, "भाभी, आज एक दरवाज़ा मैं खोलूँ?"

भाभींनी मान वर केली नाही.

"पहले टिकट निकाल," त्या म्हणाल्या. "लाइन में."

अर्ध्या टॉकीजचा मालक रांगेत जाऊन उभा राहिला, दोन ट्रॅक्टरवाल्यांच्या मागे. आत जाऊन त्यानं तिसऱ्या दाराजवळची खुर्ची पकडली, आणि वेळ आली तेव्हा इतक्या जोरानं अडसर ओढला की तो त्याच्या हातात आला. परतवाड्याच्या व्यापाऱ्याला त्यानं नंतर काय सांगितलं ते मला माहीत नाही. व्यापाऱ्यानं दुसरीकडे गोदाम पाहिलं, एवढं खरं.

धडा विचाराल तर साधा आहे. आमच्या धंद्यात सगळे पिक्चरची सुरुवात पाहून विकत घेतात. लोक पैसे देतात ते शेवटासाठी. त्यामुळे प्रिंट निघण्याआधी शेवटचा डबा स्वतः उघडून पाहावा, आणि तरीही घोळ झालाच, तर टॉकीजला दारं किती आणि ती कोणत्या दिशेला, हे विचारून घ्यावं.